जोड

तळघरात बॉयलर खोकतो, मग गप्प होतो.
वर डोरीनचा रेडिओ सांगतोय:
सॅगिनॉवर रात्रीतून आठ इंच बर्फ.
बरंय. उद्या कुठं जायचं नाही.

टेबलावर दोन डबे.
एकातली सेडान, पंचविसात एक.
दुसऱ्यातली स्टेशन वॅगन, चोविसात एक.
हा फरक डब्यावर इतक्या बारीक अक्षरात
की भिंग लावलं तेव्हा कळला,
आणि तोवर मी दोघींची कंबर कापून बसलो होतो.

सेडानचं नाक, वॅगनची पाठ.
समोरासमोर धरली तर वॅगन
दोन्ही अंगांनी दीड-दीड मिलिमीटर बाहेर,
थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखी.
उपाय एकच:
वॅगनच्या छतावर मधोमध उभी चीर,
तीन मिलिमीटरची पट्टी काढायची
आणि उरलेल्या दोन कडांना सांगायचं, जवळ या.
करवतीचा भुगा मनगटावर बसतो पिठासारखा.
झटकला तरी जात नाही.

ही गाडी कुठल्याच डब्यात मिळत नाही.
कुठल्या कारखान्यानं काढलीच नव्हती.
ती आमच्या बापानं काढली, एकाहत्तरच्या मार्चात,
साखरबीटच्या रिकाम्या शेडमध्ये,
लाइलनं आमची वॅगन रेल्वे फाटकाच्या खांबाला
नाकानं नेऊन भेटवल्यावर.
भंगारवाल्या सोबचाककडून चाळीस डॉलरला
मागून चेपलेली सेडान आली.
बाप म्हणाला, एकीला तोंड नाही, एकीला ढुंगण नाही,
देवानं एकाच आठवड्यात दोघी दिल्या.
त्यानं वेल्डिंग केलं.
आईनं टॉर्च धरला, आणि एक शब्द बोलली नाही.

सात वर्षं चालली.
डावीकडे ओढायची.
पाऊस आला की जोडातून थेंब,
नेमके मधल्या सीटवर.
मधली सीट धाकट्याची. म्हणजे माझी.

सुपरग्लूवर चिमूटभर खायचा सोडा: क्षणात दगड.
वर पुट्टी. चारशेचा कागद, सहाशेचा,
मग हजारचा, पाण्यात बुडवून.
मग राखाडी प्रायमर, जातीचा चुगलखोर,
बोटाला जे कळत नाही ते सगळं बोलून टाकतो.
पुन्हा पुट्टी. पुन्हा कागद.
तीन आठवड्यांनी प्रायमरही गप्प झाला.
एक गाडी. जन्मतःच एक असावी तशी.
मी डोरीनला खाली बोलावून दाखवली.
ती म्हणाली, सुरेख, आणि जेवण गार होतंय.

रविवारी बुटांच्या खोक्यातून बे सिटीला नेली.
लाइलला आता उजेड आणि अंधार, एवढंच दिसतं.
मांडीवर ठेवली.
त्याची बोटं नाकावरून वर, काचेच्या जागी थबकली,
छतावरून मागे गेली, पुन्हा पुढे आली.
नर्सनं जेली आणून ठेवली, ती तशीच राहिली.
"छान आहे," म्हणाला. "कुणाची?"
"आपली."
"आपलीला जोड होता, ऑरिन."
पुन्हा ते एक बोट.
"इथं. पुढच्या दाराच्या मागं.
माझी बाही फाटली होती त्यावर.
ईस्टरचा शर्ट."

म्हणून आज, बर्फ पडायच्या आत की पडताना, कोण जाणे,
मी सुई आणि पट्टी घेऊन
तेच उकरतोय जे मिटवायला तीन आठवडे लागले.
छतावरून आडवं, मग खाली, दोन्ही कुशींवरून.
टूथपिकच्या टोकानं ग्लूचे थेंब,
त्यावर सोडा,
बापाच्या वेल्डिंगसारखे ओबडधोबड, घाईतले.
दिवा बंद करून दोनदा बोट फिरवून पाहिलं.
लागतं.
बाही फाटेल इतकं नाही, पण लागतं.

पुढचं दार मात्र अजून राखाडीच.
मी म्हणतो, हिरवं होतं.
लाइल फोनवर म्हणतो, निळं.
म्हणतो, गाडी चालवत कोण होतं?